शंभर मोजून मग बटन

"एकशे शहाऐंशी..." रक्षाने बटन चालू केलं, मनात दोन मोजले, पुन्हा बंद केलं. "एकशे सत्त्याऐंशी..."

आणि नेमकं तेव्हाच मागून कुणीतरी आलं, टेबलाखालचा प्लग खसकन ओढून काढला आणि वर तिलाच म्हणालं, "अहो, काय करताय हे? बोर्ड जळेल ना!"

रक्षा वळली. समोर एक उंच तरुण. खांद्यावर बॅग, भुवयांवर एसटीची धूळ आणि हातात तिचा प्लग. त्याच प्लगवर तिचा कॉम्प्युटरही होता, आणि सकाळपासूनची सगळी नोंद त्या कॉम्प्युटरवर होती. पडदा काळा झाला होता. त्या तरुणाचे डोळे मात्र चांगले होते. रागावलेल्या माणसाला समोरच्याचे डोळे चांगले दिसू नयेत, अशी काहीतरी सोय देवाने करून ठेवायला हवी होती. ती त्याने केलेली नाही, म्हणून रक्षाचा राग उलट वाढला.

"प्लग काऊन काढला?"

"तुम्ही सारखं बंद-चालू करत होता, म्हणून मला वाटलं—"

"तुम्हाले वाटलं! दोनशे वेळा कराचं होतं मले. एकशे सत्त्याऐंशी झालते. नऊ वाजतापासून बसली आहो इथं. आता पुन्हा एकपासून करा लागते... तुम्ही करान?"

"दोनशे वेळा? कायले?"

त्याच्या तोंडून 'कायले' निसटलं आणि तो स्वतःच जरासा लाजला. म्हणजे इकडचाच होता. वरचं ते 'काय करताय' पुण्याहून आणलेलं होतं. रक्षाला हसू आलं, पण तिने ते दाबलं. एकशे सत्त्याऐंशीचं दुःख ताजं होतं.

त्याने बॅग खाली ठेवली, स्टूल ओढलं, प्लग परत लावला, आणि बोट बटनावर ठेवून तिच्याकडे पाहिलं.

"सांगा. कधी दाबू?"

"लाईन दिल्यावर दोन मोजाचे, मंग बंद. मंग पुन्हा."

"एक," तो म्हणाला.

सत्तरपर्यंत नुसतं बटन आणि आकडे. शंभरावर त्याने विचारलं, चहा मिळेल का. तिने सांगितलं, दोनशेनंतर. दीडशेवर बोट बदलून तो म्हणाला, "एक विचारू? रागावल्यावर तुम्ही नेहमी अशाच दिसता?"

"कशी?"

"काही नाही... एकशे एक्कावन्न."

दोनशे संपले तेव्हा कागदावर सात फुल्या होत्या. दोनशेपैकी सात वेळा बोर्ड जागाच झाला नव्हता; दर वेळी प्रोग्रॅम नव्याने भरावा लागला होता. तेवढ्यात पुढच्या दुकानातून प्रभाकरराव आत आले आणि दार अडवून उभे राहिले.

"अरे भूपेंद्र! आला का? सीधा कामालेच लागला! रक्षा, हा माह्या बहिणीचा पोरगा. पुण्याले तीन वर्षांपासून हेच काम करते, रजा टाकून आला आहे. आता आपला बूट लोडर हाच ठरवन."

रक्षाच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवं, नाहीतर त्या पोरीचा राग तुम्हाला उगाचचा वाटेल. प्रभाकररावांचं हिंगणघाटला दुकान. पुढे वायर, फ्यूज, स्टार्टर; मागच्या खोलीत एक लांब टेबल, आणि त्या टेबलाशी अल्लीपूरच्या पुंडलिकरावांची रक्षा, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर. कापसाच्या जिनिंग कारखान्यात रुईची गाठ बांधली की तिचं वजन आणि ओल मोजायची आणि चिठ्ठी छापायची, यासाठी तिने दीड वर्ष खपून एक छोटा कॉम्प्युटर बोर्ड उभा केला होता. हाताच्या पंजाएवढा. तो चालला तर रूपरावजींच्या जिनिंगमध्ये यंदाच्या हंगामात असे बारा बसणार होते. नाही चालला, तर प्रभाकरराव स्पष्टच बोलले होते: "मागचं टेबल बंद. तू पुढं काउंटरवर बस."

आणि बूट लोडर म्हणजे काय? बोर्डाला वीज मिळाली की सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्रॅम. घरात पहाटे एक माणूस आधी उठतो, चूल पेटवतो आणि बाकीच्यांना हाका मारतो, तसा. तोच उठला नाही तर सगळं घर झोपलेलं.

रक्षाने तो माणूस निवडायला तीन आठवडे घालवले होते. मोठा लोडर की छोटा, याचाच तो दोनशेचा खेळ चालला होता. आणि आता म्हणे, 'हाच ठरवन'! आलेल्याला अजून चहासुद्धा मिळाला नव्हता.

"छान," ती म्हणाली. "मंग मी काय फुल्या माराले बसली होती का?"

भूपेंद्र वाईट नव्हता, हे तिलाही कबूल करावं लागलं. तो सकाळी तिच्याआधी यायचा. तिचं काम बघताना मान हलवायचा, आणि ती मान खरी असायची. तिच्या टाक्यांवरून बोट फिरवून एकदा म्हणाला होता, "पुण्यात इतकं स्वच्छ सोल्डरिंग मशीनचं असते." दुपारी तिच्या डब्यातलं वांग्याचं भरीत तो अशा भक्तीने खायचा की चौथ्या दिवशी शालूबाईंनी, म्हणजे रक्षाच्या आईने, न विचारता डब्यात भाकरी वाढवून दिली.

पण लोडरची गोष्ट निघाली की दोघांची जुंपायची.

"मोठ्यात काय नाही ते सांगा," तो म्हणायचा. "केबल लावली की जागेवर नवा प्रोग्रॅम टाकता येतो. सेटिंग लक्षात ठेवतो. बोर्ड किती वेळा चालू झाला ते लिहून ठेवतो. उद्या जिनिंगमध्ये काही बिघडलं तर बोर्ड काढून इथं आणावा लागणार नाही."

"अन् छोटा?"

"छोटा बिचारा काय करतो? प्रोग्रॅम उचलतो, चालू करतो अन् चालला जातो."

"तेच तर पाह्यजे मले! तुमचा मोठा उठल्याबरोबर वहीत लिहाले बसते. लिहिता लिहिता लाईन गेली का वही फाटते. मंग दुसऱ्यांदा उठला का त्याले काहीच आठवत नाई. सात फुल्या काय हवेतून आल्या?"

"दोनशेत सात. आणि तेही तुम्ही चालू केल्यावर दोन सेकंदांत वीज तोडता म्हणून. मला सांगा, असं कोण तोडतं?"

रक्षा खुर्चीतून उठलीच.

"कोण तोडते? अख्खा वर्धा जिल्हा तोडते! लोडशेडिंग आहे जी इथं, पुण्याच्या ऑफिसातली बॅटरी नाई. सहा तास लाईन जाते. येते तेव्हा कशी येते माहीत आहे? खांबावरून लाईनमन कवडूभाऊ लाईन देते, ऑटोवर ठेवलेल्या साऱ्या मोटरी एकदमच वीज ओढाले लागते, दोन सेकंदांत फ्यूज उडते. मंग तो शिव्या देत पुन्हा जोडते. दुसरी लाईन टिकते. आमच्या वावरात पहिल्या लाईनवर कोणी बटन दाबत नाई. माहे बाबा स्टार्टरसमोर हात मागं बांधून शंभर मोजते. शंभर! अन् तुमचा लोडर दोन सेकंद धीर नाई धरत!"

तो बघत राहिला. हसत नव्हता, नुसता बघत होता. मग हळूच म्हणाला, "तुमच्या केसात रुई आहे."

"कुठं?"

"इथं..." त्याने स्वतःच्या कानाजवळ बोट नेलं. तिच्या केसांना हात लावला नाही. तिने चाचपून रुईचा तंतू काढला, आणि उगाचच गाल गरम झाले. वाद मधेच सोडून असं काही बोलणाऱ्या माणसाचं करायचं तरी काय!

त्या रात्रीची झोप सोडून नव्हे, दुसऱ्या दिवशी भर दुपारी बसून तिने तीन पानं लिहून काढली. मोठा लोडर का नको, मुद्देसूद, आकड्यांसकट. शेवटी एक ओळ: 'या कारणांमुळे माझा या लोडरला विरोध आहे.' खाली सही, तारीख, सप्टेंबर २००७. पानं तिने त्याच्या हातात दिली.

"वाचा. मंग बोला."

त्याने वाचली. दोनदा वाचली, हे तिने काचेतून पाहिलं. दोन दिवसांनी तो आला, खाली बघत म्हणाला, "मामाजींनी मोठाच ठरवला."

"पानं दाखवली होती?"

"...बोललो मी त्यांच्याशी."

तिने पुढे विचारलं नाही. चूक झाली ती इथेच. पण ज्या माणसासाठी आपण डब्यातल्या दोन भाकरी राखतो, त्याच्या उत्तराची उलटतपासणी घ्यावी असं कुणाला वाटतं? ती मनात धुमसत राहिली आणि हात चालवत राहिली. बोर्ड तिचा होता. कुठल्याही लोडरवर का होईना, तो उठायला हवा होता.

खंडेनवमीला रूपरावजींच्या जिनिंगमध्ये सगळ्या यंत्रांची पूजा होती. गाठी दाबायच्या प्रेसला झेंडूचा हार, पट्ट्यांना हळदीचे ठसे, आणि मधोमध भिंतीवर नव्या लोखंडी पेटीत रक्षाचा बोर्ड. प्रभाकररावांनी पेटीवर स्वस्तिक काढलं. रूपरावजींनी कुंकू लावताना दोन बोटं जरा जास्तच आत घातली. रक्षाचा जीव खालीवर झाला, पण बोर्डाला काही लागलं नाही. ती नवी हिरवी साडी नेसली होती. भूपेंद्रने ते पाहिलं होतं, आणि त्याने पाहिलं हे तिने पाहिलं होतं. सकाळ तशी बरी चालली होती.

लाईन अकराला येणार होती. मुहूर्त अकरा वाजून वीस मिनिटांपर्यंतचा. अकरा झाले, सव्वाअकरा झाले, लाईन नाही. भटजी घड्याळाकडे बघायला लागले. अकरा अठराला वरचा पंखा कुरकुरत फिरला.

"आली! आली लाईन! दाबा बटन!"

"काकाजी, थांबा," रक्षा रूपरावजींच्या पुढे झाली. "पहिलीच लाईन आहे. जराशी टिकू द्या."

जिनिंगमधला एकूण एक माणूस एरवी पहिल्या लाईनवर मोटर चालू करत नाही. मोटर जळेल, हे त्यांना सांगावं लागत नाही. पण मुहूर्त म्हटलं की शहाणी माणसंसुद्धा हात बांधून उभं राहायचं विसरतात.

"मुहूर्त चालला न पोरी!" रूपरावजी म्हणाले. "भूपेंद्र, दाब बाप्पा!"

भूपेंद्रने रक्षाकडे पाहिलं. फक्त एकदा. तिने मान हलवली, नाही म्हणून. आणि त्याने बटन दाबलं.

पंखा दोन फेरे फिरला आणि थांबला. लाईन गेली. सगळे 'अर्रर्र' म्हणाले. थोड्या वेळाने दुसरी लाईन आली. पंखा फिरला, दिवे लागले, टिकले. बोर्डाचा पडदा मात्र काळाच. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ, लुकलुकत होती. भूपेंद्रने पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. रेघ. पुन्हा रेघ.

"कुंकू आत गेलं असंन," कुणीतरी म्हणालं.

"कुंकवानं नाई," रूपरावजींचा आवाज चढला होता. "कोणं बनवलं हे? नाव आहे ना आत?" त्यांनी पेटीचं दार पूर्ण उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकखाली कागद चिकटवलेला होता. कुठला भाग कुणी निवडला, कुणी जोडला, ही यादी प्रभाकरराव प्रत्येक पेटीत लावत. रूपरावजींनी बोट ठेवून वाचलं, "बूट लोडरची निवड... कुमारी रक्षा पुंडलिकराव, आणि भूपेंद्र. हे पहा! पोरीचं नाव पहिलं!"

रक्षाला आधी ऐकू आलं ते कळलंच नाही. मग तिने स्वतः वाचलं. तिचंच नाव. पहिलं.

"तूच निवडला होता न हा?" प्रभाकरराव चारचौघांत म्हणाले. "भूपेंद्रनं सांगतलं मले, दोघं मिळून ठरवलं म्हणे. मी तुह्यावर भरोसा ठेवला! अन् आता पहिली लाईन अन् दुसरी लाईन सांगून राह्यली. सोमवारपासून काउंटरवर बस. टेबल बंद."

दीड वर्षाचं काम. तीन पानं. सात फुल्या. डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि त्या पाण्याचाही तिला संताप आला, कारण लोक त्याला रडणं म्हणणार होते आणि तो नुसता राग होता. तिने भूपेंद्रकडे पाहिलं. सांगा, तिचे डोळे म्हणत होते. आता नाही सांगितलं तर कधीच सांगू नका.

त्याने बॅग उघडली. आतून तीन पानं काढली, चार घड्या पडलेली.

"मामाजी," तो म्हणाला. आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता. "रक्षानं नाई म्हटलं होतं. लिहून दिलतं तिनं. हे पहा, तीन पानं. आता जे झालं न, तसंच्या तसं लिहिलं आहे यात. मी तुम्हाले दाखवलंच नाई. लोडर मी निवडला, अन् तिचं नाव तिले न इचारता मी टाकलं. ती आता थांबा म्हणत होती, तरी बटन दाबलं तेही मीच. ज्याले बोलाचं आहे त्यानं मले बोला."

प्रभाकररावांनी पानं घेतली, चष्मा वर केला. रक्षा थांबली नाही. ती सरळ बाहेर पडली आणि अंगणातल्या निंबाखाली जाऊन उभी राहिली.

तो मागोमाग आला. तीन हात लांब थांबला.

"काऊन लिहिलं माहं नाव?"

"मले वाटलं..." आता पुण्याचं सगळं वरचं गळून पडलं होतं. "मले वाटलं, बोर्ड तर चालनच. लोक नाव काढतीन. मंग तुमचं नाव पहिलं असावं. तुम्ही वाचान, अन् तुम्हाले... बरं वाटन."

"म्हणजे मले भेट दिली?"

त्याने मान डोलावली.

"खोट्याची भेट! भूपेंद्रजी, मी 'नाई' म्हटलं होतं. तीन पानं 'नाई' म्हटलं होतं. माहं 'नाई' तुम्ही बॅगेत घालून ठेवलं, अन् त्याच्या जागी आपल्याच हातानं माहं 'हो' लिहून टाकलं. नाव नसतं लिहिलं तर मले राग आला असता, दोन दिवसांत गेलाही असता. पण हे... मले जे म्हणाचं आहे ते मीच म्हणीन न! तुम्ही कोण माह्यासाठी म्हणणारे?"

"कोणीच नाई," तो म्हणाला. "तुम्ही खरं बोलून राह्यल्या. माफ करा, हे म्हणाले पण मले लाज वाटते."

"वाटूच द्या," ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून एसटी स्टँडकडे चालायला लागली. हिरव्या साडीची निरी पायात येत होती. आज ती कुणासाठी नेसली होती, हे आठवून तिला पुन्हा नव्याने संताप आला.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी अल्लीपूरला फोन आला. प्रभाकरराव स्वतः. आयुष्यात माफी न मागितलेला माणूस, त्यांनी ती मागितली नाहीच, पण म्हणाले, "रक्षा, पानं वाचली. तू म्हणशीन तो लोडर. कोजागिरीपर्यंत वेळ घेतला आहे रूपरावजींकडून. येजो."

ती गेली. भूपेंद्र टेबलाच्या टोकाला उभा होता, बसला नव्हता.

"बसा," ती म्हणाली. "माहा राग गेला असं समजू नका. काम आहे म्हणून बसा."

मग तिने जे सांगितलं ते ऐकून तो चकित झाला. कारण तिने नुसता छोटा लोडर निवडला नव्हता. त्याचंही म्हणणं तिने तितक्याच बारकाईने तपासलं होतं. जिनिंगमध्ये बिघाड झाला तर जागेवर नवा प्रोग्रॅम टाकायची सोय हवी, हे तिला पटलं होतं. वाद घालताना ती ऐकत होती. त्याच्यासारखी नुसती डोळे बघत बसली नव्हती.

"आधी छोटा उठन," ती म्हणाली. "उठून काही लिहाचं नाई. लाईन टिकते का पाह्याचं, मोजाचं, मंग प्रोग्रॅम चालू कराचा. तुमचा मोठा आत झोपून राहीन. दुरुस्तीचं बटन दाबलं तरच त्यानं उठाचं."

"म्हणजे मी... म्हणजे तो, बोलावल्याशिवाय येणारच नाही?"

"नाई."

"आणि बोलावलं तर?"

"तर शहाण्यासारखं याचं, काम कराचं. दुसऱ्याच्या नावानं काही लिहाचं नाई."

त्याने मान खाली घातली आणि छोट्याचं काम हातात घेतलं. चार दिवस तो तिच्या हाताखाली राबला. कोजागिरीच्या सकाळी ते बोर्ड घेऊन जिनिंगमध्ये गेले, आणि रूपरावजींच्या देखत तीनशे वेळा लाईन तोडली. एकदाही रेघ लुकलुकली नाही. तीनशेव्यांदा चिठ्ठी छापून बाहेर आली तेव्हा रूपरावजींनी ती स्वतःच्या खिशात ठेवली आणि प्रभाकररावांना म्हणाले, "बाराच्या बारा लावा. अन् टेबलावर हीच पोरगी पाह्यजे."

रक्षाने भूपेंद्रकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हसली असती, आणि अजून तिला हसायचं नव्हतं.

आठ दिवसांनी, दुपारी चारच्या सुमाराला, ती बाबांच्या वावरात वांग्याच्या वाफ्याशी होती. लाईन यायची वेळ झाली होती. विहिरीजवळ पुंडलिकराव स्टार्टरसमोर हात मागे बांधून उभे होते. धुऱ्याच्या बांधावरून भूपेंद्र येताना दिसला. पुण्याचे चकचकीत बूट चिखलाने भरले होते. त्याचं त्याला भान नव्हतं.

"काही बिघडलं का?" तिने विचारलं.

"नाई. हा कागद पेट्यांमध्ये लावाचा आहे. लावाच्या आधी तुम्हाले इचाराचं होतं."

तिने वाचला. 'बूट लोडरची निवड: कुमारी रक्षा पुंडलिकराव.' खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ: 'विरोध: भूपेंद्र. विरोध चुकीचा ठरला.'

आता मात्र तिला हसू आवरलं नाही. "हे पेटीत लावान? बाराही पेट्यांत?"

"बाराही. तुम्ही 'हो' म्हटलं तर."

"लावा."

तो हलला नाही. टोपलीतलं एक वांगं उगाच उचललं, परत ठेवलं.

"पुण्याची नोकरी मी सोडून राह्यलो. इथंच राहाचं म्हणतो. टेबलाले दुसरी खुर्ची आहे न... अन् रक्षा, खुर्चीसाठी नाई फक्त. मी... मले तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. एकशे सत्त्याऐंशीपासून. लग्न करान माह्यासंगं?"

त्याच क्षणी विहिरीवरचा दिवा लागला. लाईन आली.

ओठांवर आलेलं सगळं रक्षाच्या तोंडून त्याच दमात बाहेर पडलं असतं. तिने ओठ मिटले. नाही. इतक्या दिवसांचा राग असा एका वाक्यावर ओवाळून टाकायचा नव्हता.

"पहिली लाईन आहे," ती म्हणाली. "आमच्या इकडे पहिल्या लाईनवर कोणी बटन दाबत नाई."

"मंग?"

"शंभर मोजा."

त्याने हात मागे बांधले, थेट पुंडलिकरावांसारखे, आणि मोजायला लागला. "एक... दोन..."

दिवा विझला. दूर खांबावरून कवडूभाऊंची शिवी वाऱ्यावर आली. भूपेंद्र थांबला. वांग्याच्या जांभळ्या फुलांवर एक पिवळं फुलपाखरू बसलं, उडालं. ती पाटाच्या कडेला बसली, चिखल पायाच्या अंगठ्याने उकरत. खूप वेळ गेला असं वाटलं; तेवढा गेला नसेल. मग दिवा पुन्हा लागला.

ती बघत होती, तो कुठून सुरू करतो.

"एक," तो म्हणाला.

तीनपासून नाही. एकपासून.

दहा झाले, तीस झाले. साठाच्या आसपास रक्षा उठून त्याच्याजवळ उभी राहिली. तो डोळे मिटून मोजत होता, घाई न करता, एकही आकडा न गाळता. नव्वदनंतर त्याचा आवाज बसत चालला. दिवा टिकून होता.

"अठ्ठ्याण्णव... नव्व्याण्णव..."

"शंभर," रक्षा म्हणाली. "हो."

विहिरीवर पुंडलिकरावांनी बटन दाबलं. मोटर घुरघुरली आणि पाटाने पाणी धावत आलं, थेट त्याच्या चिखलाच्या बुटांवर. त्याने पाय मागे घेतला नाही. तो तिच्याकडे बघत होता, ऐकलं ते खरंच ऐकलं का, अशा नजरेने.

"असे काय पाहून राह्यले?" ती म्हणाली, आणि आवाज रागाचाच काढायचा तिने खूप प्रयत्न केला. "मी म्हटलं न आता. माह्या तोंडानं म्हटलं. हे लिहून ठेवा, पाह्यजे तर."